चेकलिस्ट आम्हालाही वाचता यावी

प्रति,
माननीय अध्यक्ष,
केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ,
नवी दिल्ली

महोदय,

सीमाशुल्काच्या नकाशावर शिरपूर कुठेच नाही. इथे बंदर नाही, मालाचा विमानतळ नाही, कंटेनर डेपो नाही. तरी इथला माल परदेशी जातो. तापीकाठची केळी आखातात जातात. सूतगिरण्यांचे सूत जाते. दोंडाईचा-नंदुरबारकडची लाल मिरची जाते, मक्याचे स्टार्च जाते. उलट दिशेने मागांची यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग येतात. धुळे जिल्ह्याच्या या टोकाला, मुंबई-आग्रा रस्त्यावर, मी लहान निर्यातदारांची कागदपत्रे तयार करून देतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बँकेचे कागद आणि न्हावा शेवा बंदरावरच्या क्लीअरिंग एजंटाशी फोनवर बोलणे, एवढे माझे काम. परवाना माझ्याकडे नाही. परवानाधारक एजंट आणि माल पिकवणारा किंवा विणणारा माणूस, या दोघांच्या मधोमध मी बसतो. तिथून एक गोष्ट रोज दिसते आणि ती आपल्यापर्यंत पोहोचत नसावी, म्हणून हे पत्र.

कंटेनर भरायच्या सुमारास, बहुतेकदा रात्री, एजंटाच्या ऑफिसातून व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ येते. तिला सगळे चेकलिस्ट म्हणतात. सीमाशुल्काच्या आइसगेट या संकेतस्थळावर शिपिंग बिल दाखल करण्याआधीचा हा मसुदा. निर्यातदाराने तो तपासायचा, खाली ‘ओके’ लिहून परत पाठवायचे, की बिल दाखल होते. मसुदा काही पानांचा असतो, सगळा इंग्रजीत आणि त्यातही अर्धा संक्षेपांत. आयईसी, एडी कोड, एचएस कोड, एफओबी मूल्य, ड्रॉबॅकचा अनुक्रमांक, रोडटेपचा दावा करायचा की नाही, माल आयजीएसटी भरून जातोय की एलयूटीवर, असे रकान्यांमागून रकाने. आमच्याकडचा केळी-उत्पादक गटाचा अध्यक्ष किंवा सुताचा व्यापारी त्यात आपले नाव बघतो, वजन बघतो, डॉलरचा आकडा बघतो आणि ‘ओके’ लिहितो. बाकीच्या रकान्यांत काय आहे ते त्याला कळत नाही. विचारायला गेले तर पलीकडून उत्तर येते, ‘साहेब, कट-ऑफ जवळ आलाय, लवकर कन्फर्म करा.’

आता कायदा त्या ‘ओके’कडे कसे बघतो ते पाहू. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ५० प्रमाणे शिपिंग बिलातला मजकूर खरा असल्याचे घोषित करणारा निर्यातदार असतो, एजंट नव्हे. २०११ साली कलम १७ बदलले आणि स्वयंनिर्धारण आले. मालाचे वर्गीकरण कोणते, मूल्य किती, सवलत कोणती, हे आधी निर्यातदाराने किंवा आयातदाराने ठरवायचे आणि खात्याने लागेल तेव्हा तपासायचे. जाणूनबुजून खोटे घोषित केल्याचे ठरले तर कलम ११४अअ खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ‘जाणूनबुजून’ या शब्दाचे संरक्षण प्रामाणिक माणसाला आहे, हे मला मान्य आहे. पण नोटीस हातात पडल्यावर आपल्याला काहीच माहीत नव्हते हे सिद्ध करायला मुंबईच्या खेपा, वकील आणि महिने लागतात. स्वयंनिर्धारण हे नागरिकावर टाकलेल्या विश्वासाचे पाऊल होते आणि मी त्याचा आदर करतो. मात्र ज्याने निर्धारण करायचे त्याला कागद वाचता येत असेल असे त्या कायद्याने गृहीत धरले आहे.

या न वाचलेल्या रकान्यांचे वजन किती असते, याची आमच्याकडची उदाहरणे देतो.

एकपदरी सुती सुताचे शीर्षक ५२०५. त्यात तीस नंबरचे सूत कार्डेड असेल तर ५२०५१३ मध्ये जाते आणि कोंब्ड असेल तर ५२०५२३ मध्ये. गिरणीतला साधा जॉबरसुद्धा हाताला लावून कार्डेड आणि कोंब्ड ओळखतो. न्हावा शेव्याच्या ऑफिसात संगणकावर बसलेल्या मुलाला मात्र इन्व्हॉइसवर ‘कॉटन यार्न’ एवढेच दिसले तर तो मागच्या वेळचा कोड उचलून टाकतो. मिरचीचेही तसेच. अख्खी सुकी मिरची ०९०४२१ आणि कुटलेली वा दळलेली ०९०४२२. ज्याला मालाचे ज्ञान आहे त्याला कोड माहीत नाही आणि ज्याला कोड माहीत आहे त्याने माल पाहिलेला नाही. दोघांची गाठ पडते ती फक्त त्या चेकलिस्टमध्ये, आणि तिथेही एकाला वाचता येत नाही.

रोडटेपचे पाहा. निर्यातीच्या मालात मुरलेले आणि इतर कुठल्या मार्गाने परत न मिळणारे कर या योजनेतून परत मिळतात. १ जानेवारी २०२१ पासून ती लागू झाली. पण शिपिंग बिलात दावा करतोय असे जाहीर करावे लागते. त्यासाठीच्या कोडच्या शेवटी वाय असेल तर होय, एन असेल तर नाही. चेकलिस्टमधले ते एक अक्षर चुकले तर त्या मालावरची रक्कम हातची जाते. पुढे दुरुस्ती मागायची तर कलम १४९ आहे, पण त्यालाही माल निघाला तेव्हा अस्तित्वात असलेल्या कागदांचाच आधार चालतो. लहान निर्यातदाराचा नफा किती पातळ असतो ते आपण जाणता. पुष्कळदा अशी परत मिळणारी रक्कम हाच त्याचा खरा नफा असतो.

आयजीएसटीच्या परताव्यात शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला जातो. ही उत्तम सोय आहे. वेगळा अर्ज नको, ऑफिसच्या फेऱ्या नकोत. पण जीएसटीच्या विवरणपत्रात इन्व्हॉइसचा क्रमांक एका पद्धतीने लिहिला आणि शिपिंग बिलात दुसऱ्या, मध्ये एखादी तिरपी रेघ राहिली किंवा शून्य गळले, की प्रणाली ‘एसबी ००५’ असे दाखवून थांबते. आमच्या भागातल्या एका माणसाचे पैसे असे अडकले. एजंट म्हणे सीएला विचारा, सीए म्हणे एजंटाला विचारा, आणि बँकेतल्या कर्जावर व्याज चढत राहिले. अडचण एका चिन्हाची होती. दाखल करण्याआधी कोणी मराठीत एवढेच सांगितले असते की ‘हा क्रमांक तुमच्या बिलावर आहे तसाच, अक्षर न् अक्षर जुळतोय का ते बघा’, तर त्याने स्वतःच पाहिले असते. हा माणूस रोज हिशेबाच्या वह्या पाहतो.

आणखी एक रकाना आहे आणि आमच्या दृष्टीने तो सगळ्यात मोलाचा आहे. फेब्रुवारी २०२० पासून शिपिंग बिलात माल मूळचा कोणत्या जिल्ह्याचा आणि कोणत्या राज्याचा हे लिहिणे सक्तीचे झाले. जिल्हा हेच निर्यातीचे केंद्र व्हावे, असे २०१९ मध्ये पंतप्रधानांनी स्वातंत्र्यदिनी सांगितले होते, त्या धोरणाला हा रकाना धरून आहे. त्यावरूनच कोणत्या जिल्ह्यातून किती निर्यात होते ते मोजता येते. आता शिरपूरच्या मालाच्या बिलात घाईघाईत धुळ्याऐवजी रायगड किंवा मुंबई पडले तर काय होईल? माल शिरपूरचा, घाम शिरपूरचा, आकडा मात्र दुसऱ्या जिल्ह्याच्या खात्यात. मग धुळ्याला सीमाशुल्काची सोय मागायला गेलो की उत्तर तयार असते, तुमच्या जिल्ह्यातून एवढा मालच जात नाही. मी माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक चेकलिस्टमध्ये आधी तो रकाना पाहतो. पण असे पाहायला प्रत्येक निर्यातदाराच्या जवळ कोणी बसलेले नसते.

महोदय, आपल्या खात्यात गेल्या काही वर्षांत जे बदल झाले त्यांचा लाभ आम्हाला मिळाला आहे, आणि ते सांगितले नाही तर हे पत्र एकांगी होईल. पूर्वी कारखान्यात भरलेल्या कंटेनरला सील लावायला उत्पादन शुल्काचा निरीक्षक यावा लागे. तो येईपर्यंत गाडी आवारात उभी. २०१७ पासून परवानगी घेतलेला निर्यातदार स्वतः इलेक्ट्रॉनिक सील लावतो. कागद ऑनलाइन जोडण्याच्या ई-संचित सोयीमुळे कागदांचे गठ्ठे गेले. २०२० मध्ये चेहराविरहित निर्धारण देशभर लागू झाले. आता न्हावा शेव्यात उतरलेल्या आयात मालाचे बिल ऑफ एन्ट्री दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासतो. ओळखपाळख, वशिला, टेबलाटेबलांवरून फिरणे यांना यामुळे आळा बसला.

मात्र याच बदलांतून मला एक प्रश्न पडतो. आयात मालाचे कागद तपासणारा अधिकारी कुठल्याही शहरात बसू शकतो, तर निर्यातदाराचे कागद तयार करणारा जाणकार माणूस शिरपुरात का बसू शकत नाही? निर्यातदाराच्या वतीने बिल दाखल करायला आज संगणक, डिजिटल सही आणि परवाना लागतो. बंदराच्या फाटकावर उभे राहायला, तिथला फॉर्म तेरा, मालाची तपासणी, निर्यातीची परवानगी (एलईओ) यांसाठी बंदरावर माणूस हवाच. पण वर्गीकरण, मूल्य, सवलतींचे दावे आणि चेकलिस्ट हे सगळे मालाजवळ बसून जास्त चांगले होईल. २०१८ च्या कस्टम्स ब्रोकर्स परवाना विनियमांप्रमाणे परवाना एकदा मिळाला की ब्रोकर, म्हणजे परवानाधारक एजंट, ठरलेली सूचना देऊन देशातल्या इतर ठिकाणीही काम करू शकतो. म्हणजे नियमांची आडकाठी नाही.

अडचण माणसे तयार होण्याची आहे. परवान्याची परीक्षा आपल्याच नासिन अकादमीकडून होते आणि ब्रोकरच्या कर्मचाऱ्याला जी-कार्डासाठीही परीक्षा द्यावी लागते. शिरपुरात अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वाणिज्य शिकणारी हजारो मुले आहेत. त्यांतल्या किती जणांना ही परीक्षा असते हे ठाऊक आहे? हा व्यवसाय आजही बंदराच्या आसपासच्या घराण्यांत आणि ऑफिसांत शिकला जातो. मुलगा आधी कोणाच्या तरी हाताखाली धावपळ करतो, पाहून पाहून शिकतो, मग परीक्षा देतो. आमच्या मुलाला तसे शिकायचे तर पनवेल-उरणला खोली करून राहावे लागते, आणि शिकला की तो तिथलाच होतो.

ब्रोकर मंडळींविषयी माझी तक्रार नाही. एका ऑफिसात दिवसाला ढीगभर फायली येतात, कट-ऑफ डोक्यावर असतो, शिपिंग लाइनचे फोन चालू असतात. आशिलाला नियम पाळण्याचा सल्ला देणे हे विनियमांनी ब्रोकरचे कर्तव्य ठरवले आहे. पण पावणेचारशे किलोमीटरवरून, फोनवर, कसारा घाटात गाडी अडकलेली असताना ते कसे पार पडणार? हे आम्ही त्यांच्या बाजूनेही पाहतो.

आपले मंडळ मालाच्या मुक्ततेला किती तास लागले याचा अभ्यास प्रसिद्ध करते. तो मी आवडीने वाचतो. फक्त तिथले घड्याळ माल बंदरावर पोहोचल्यावर चालू होते. केळीच्या बाबतीत आमचे घड्याळ घड कापला तेव्हाच चालू झालेले असते. कापणी, धुणे, खोक्यात भरणे, शीतकरण आणि मग साधारण १३ अंशांवर ठेवलेला रीफर कंटेनर. २०२१ मध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी दुबईला गेली, तेव्हा सगळ्या खानदेशात तो अभिमानाचा विषय झाला होता. अशा एका कंटेनरमध्ये वीस टनांच्या आसपास केळी असतात. कागदातल्या चुकीमुळे तो फाटकावर थांबला आणि जहाज चुकले, तर पुढच्या जहाजापर्यंत केळी हिरवी राहतील याची हमी कोणीच देत नाही. बंदरावरचे तास कमी करायचे असतील तर पुष्कळशा चुका बंदराकडे निघण्याआधी, इथे गावात, पकडता येतील.

खानदेशाला परदेशी व्यापार नवा नाही. सतराव्या शतकातला फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारी वाट सांगतो, तेव्हा नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा असे टप्पे नोंदवतो. थाळनेर आमच्या शिरपूर तालुक्यातले. फारुकी सुलतानांची ती पहिली राजधानी. बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तानापर्यंत जात असे, आणि त्याचा सुरतेचा रस्ता याच तापीच्या खोऱ्यातून होता. त्या काळी व्यापारी आणि जकातदार एकमेकांसमोर उभे असत, माल दोघांच्या डोळ्यांसमोर असे. ते दिवस परत यावेत असे मी म्हणत नाही, त्या जकातींचा जाच इतिहासात पुरेसा नोंदला गेला आहे. माल, त्याचा मालक आणि त्याचे कागद एका जागी असण्याचा फायदा तेवढा मला त्यात दिसतो.

आता पुढचे. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये, काम २०२८-२९ पर्यंत पूर्ण करण्याचे ठरले आहे. पीथमपूरचे कारखाने न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराशी थेट जोडणे हा त्यामागचा एक सांगितलेला हेतू आहे. हा मार्ग धुळे, नरडाणा, शिरपूर, सेंधवा असा जातो. नरडाण्याला औद्योगिक वसाहत आहे, आणि सुरत-भुसावळ हा तापी खोऱ्यातला जुना रेल्वेमार्गही तिथूनच जातो. म्हणजे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन रेल्वेवाटा शिरपूरपासून हाकेच्या अंतरावर एकमेकींना भेटणार आहेत. एक वाट न्हावा शेव्याकडे जाईल. दुसरी उधन्यावरून पालघरकडे वळू शकते, जिथे ७६,२२० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. इतकी जमून आलेली जागा महाराष्ट्रात फार थोडी असेल. रूळ पडल्यावर, गोदामे दुसरीकडे गेल्यावर, सीमाशुल्काचा विचार करण्यात अर्थ नाही. पीथमपूरचे कंटेनर आमच्या शिवारातून जातील आणि आमचा माल मात्र ट्रकवर घालून त्याच दिशेने रस्त्याने जाईल, असे होऊ नये.

म्हणून काही मागण्या मांडतो. त्यांतल्या पहिल्या दोन-तीन गोष्टींना फारसा खर्चही लागणार नाही.

शिपिंग बिल आणि बिल ऑफ एन्ट्रीच्या चेकलिस्टचा मराठी नमुना मंडळाने तयार करावा. मूळ बिल इंग्रजीत दाखल होऊ दे, प्रणाली बदलण्याची गरज नाही. पण प्रत्येक रकान्याचे मराठी नाव, त्यात काय भरायचे आणि चुकले तर काय होते, हे एका ओळीत सांगणारी पुरवणी आइसगेटवर असावी आणि ब्रोकरने मसुद्यासोबत ती पाठवावी. गुजराती, तमिळ, तेलुगू निर्यातदारांनाही तिचा तेवढाच उपयोग होईल. रेल्वे, टपाल आणि बँका महाराष्ट्रात मराठीत बोलतात. सीमाशुल्कालाही ते अवघड जाऊ नये.

महिन्यातून एक दिवस धुळ्यात किंवा शिरपुरात, बाजार समितीच्या सभागृहात किंवा एखाद्या महाविद्यालयात, सीमाशुल्काचा अधिकारी बसावा. परदेश व्यापार महासंचालनालयाची राज्यातली कार्यालये मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत. त्यांचाही माणूस त्याच दिवशी आला तर लोकांची एक मोठी खेप वाचेल. अडकलेला परतावा, चुकलेला कोड, एडी कोडची नोंद, ईपीसीजी या शुल्कसवलतीच्या योजनेखाली आणलेल्या मागाची निर्यातीची अट पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, अशा कामांना समोरासमोर दहा मिनिटे पुरतात आणि ईमेलवर महिने लागतात.

नासिन आणि जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने मिळून सीमाशुल्क कामकाजाचा एक छोटा अभ्यासक्रम सुरू करावा. तो जी-कार्डाच्या परीक्षेला धरून असावा आणि परीक्षेचे केंद्र खानदेशात असावे. इथली पाच-पंचवीस मुले-मुली ती परीक्षा उत्तीर्ण झाली आणि एखाद्या ब्रोकरच्या शिरपूर शाखेत बसली, तरी या पत्रातल्या अर्ध्या अडचणी उरणार नाहीत. घरगुती मसाले, पापड, हातमागाच्या वस्तू परदेशी पाठवू पाहणाऱ्या बचत गटांना डाकघर निर्यात केंद्रांचा मार्ग २०२२ पासून खुला आहे. तिथले टपाल निर्यात बिल भरायलाही हीच मुले मदत करतील.

मूळ जिल्ह्याच्या रकान्याची तपासणी व्हावी. ज्या निर्यातदाराचा जीएसटी पत्ता धुळे जिल्ह्यातला आहे, माल त्याच आवारात भरून सील झालेला आहे आणि बिलात दुसराच जिल्हा आहे, तिथे प्रणालीने दाखल करण्याआधी एक प्रश्न विचारावा. संगणकाला ते सहज जमेल.

शेवटची मागणी मोठी आहे. नरडाण्याला इंदूर-मनमाड रेल्वेमार्ग पोहोचण्याआधी तिथे अंतर्देशीय कंटेनर डेपो आणि सीमाशुल्क केंद्र उभारण्याचा विचार आतापासून व्हावा. रेल्वे, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आणि आपले मंडळ यांनी एकत्र बसून जागा राखून ठेवावी. धुळे, नंदुरबार, जळगावचा पश्चिम भाग आणि सेंधव्याकडचा मध्य प्रदेश एवढ्या प्रदेशाचा माल तिथे एकत्र येऊ शकतो. किती येईल याचा अंदाज घ्यायला मंडळाने स्वतःचे सर्वेक्षण करावे. आजच्या शिपिंग बिलांतल्या जिल्ह्यांच्या आकड्यांवर निर्णय देऊ नये, ते आकडे कसे तयार होतात ते वर सांगितलेच आहे.

मराठी पुरवणीचा पहिला मसुदा करून द्यायला मी आणि माझ्यासारखे कागदपत्रांचे काम करणारे काही जण तयार आहोत. सुताचा, केळीचा आणि मिरचीचा असे तीन नमुने आम्ही करू, आपल्या अधिकाऱ्यांनी ते तपासून दुरुस्त करावेत. कोणाकडे पाठवायचे एवढे कळवावे.

आपला विश्वासू,
शिरपूर, जि. धुळे येथील निर्यात कागदपत्रांचे काम करणारा एक नागरिक

प्रत माहितीसाठी : अध्यक्ष, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, महासंचालक, परदेश व्यापार, जिल्हाधिकारी, धुळे, खासदार, धुळे आणि नंदुरबार लोकसभा मतदारसंघ